दुर्गाच्या नावापुढचा शेरा

नोकरी संपली तेव्हा माझा निरोप समारंभ झाला नाही. कुणाचं माझ्याशी वाकडं होतं असं नाही. माझ्याकडे अकरा शाळा होत्या आणि प्रत्येक शाळेला वाटलं, दुसरी कोणती तरी शाळा करेल. शेवटच्या दिवशी मी नेहमीच्या बसनं जळगाव जामोदच्या स्टँडवर उतरले, वाटेत कोथिंबीर घेतली, खोलीवर आले आणि कुकर लावला. दोन शिट्ट्या झाल्यावर लक्षात आलं की उद्या कुठं जायचं नाही. मग थोडी रडले. खोटं कशाला सांगू.

मी विशेष शिक्षिका होते. हे ऐकलं की लोकांना वाटतं, हिला पगारही विशेष असेल. तसं काही नसतं. ज्या मुलांना सगळं कळतं पण वाचता येत नाही, किंवा बोलताना जीभ अडते, अशी मुलं प्रत्येक शाळेत एक-दोन तरी असतात. त्यांची यादी तयार होते. त्या यादीप्रमाणे आठवड्यात आज ही शाळा, उद्या ती, असं फिरत राहायचं. म्हणून आम्हाला फिरत्या शिक्षिका म्हणतात. मी मूळची जानेफळची, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाची. नेमणूक मिळाली ती पार उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्न केलं नाही. आधी आई आजारी होती, मग वय गेलं, मग विषयच निघाला नाही. बारा गावचं पाणी प्यायले म्हणतात ना, तसं मी अक्षरशः प्यायले, पण एकाही गावच्या मस्टरवर माझं नाव नव्हतं.

पहिल्यांदा एखाद्या शाळेत गेलं की हेडमास्तरांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असायचं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वर्गखोली रिकामी नसायची. मला व्हरांडा मिळायचा, किंवा खिचडीच्या तांदळाची पोती ठेवलेली खोली. मुलं माझ्याकडे यायला लागली की बाकीची पोरं ओरडायची, "ढ आला, ढ आला!" मी एकदोघांचे कान पिळलेत. ते नियमात बसत नाही, पण पिळलेत.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. ही मुलं मठ्ठ नसतात. डोळे ठीक, कान ठीक, डोकं तर आपल्याहून तल्लख. फक्त कागदावरचं चिन्ह आणि तोंडातला आवाज यांची गाठ त्यांच्या डोक्यात पक्की बसत नाही. आज 'घ' ओळखला, उद्या त्याचाच 'ध' होतो. आपली पहिली वेलांटीच बघा. लिहायची अक्षराच्या आधी, बोलायची नंतर. आपण लहानपणी हे कसं गिळलं ते आपल्याला आठवत नाही, पण ह्या पोरांच्या घशात ते अडकतं. मग त्यांच्यासाठी रस्ता बदलायचा. ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायचं. चिंचोके मांडून शब्दाचे तुकडे करायचे: क, म, ळ, तीन चिंचोके. तेच पन्नास वेळा करायचं आणि पन्नासाव्या वेळी पहिल्यांदा करतोय असा चेहरा ठेवायचा. माझा स्वभाव तापट, त्यामुळे मला सगळ्यात जड गेलं ते हे शेवटचं.

बोलताना अडणाऱ्यांची तऱ्हा निराळी. अझहर नावाचा एक मुलगा होता, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. तो 'प' वर अडला की गाडी तिथंच. आजीनं त्याला शंखातलं पाणी पाजून पाहिलं होतं, पोपटाचा उष्टा पेरूही खाऊ घातला होता. मला म्हणाली, "मॅडम, सब करके देखा, अब तुमीच बचल्या." मी त्याच्याशेजारी बसले आणि दोघांनी एकच पान एकदम मोठ्यानं वाचायला घेतलं. कुठ्ठं अडला नाही! अशा मुलांचं बहुतेकदा असंच असतं. जोडीला दुसरा आवाज असला की जीभ मोकळी होते. मग मी माझा आवाज हळूहळू बारीक करत गेले. एक दिवस मी गप्प बसले होते आणि तो वाचत होता. पान संपल्यावर त्याला ते कळलं. असे दिवस फार थोडे येतात, पण आले की पुढचे सहा महिने धूळ खायला बळ येतं.

आता दुर्गाचं सांगते. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले आणि इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले.

वरवट बकालच्या पुढं एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत ती होती. घरची वांगी-मिरचीची बागायत. आठ वर्षांची पोर, पण कोणत्या वांग्याची भाजी करावी, कोणत्याचं भरीत, हे मला तिनं शिकवलं. तोंडाचा पट्टा सतत चालू. तिच्या गुरुजींनी मला सांगितलं, "मॅडम, हे पालथ्या घड्यावर पाणी हाये. वळख करून घ्या अन् सोडून द्या." यादीत त्या शाळेचं तेवढं एकच नाव होतं. वर्षभर मी दर आठवड्याला तिला घेऊन व्हरांड्यात बसले. वर्षाअखेर तिला तिचं नाव वाचता येत होतं, आणखी वीस-पंचवीस शब्द येत होते. माझ्या धंद्यात ही प्रगती चांगली समजली जाते. बाहेरच्यांना ती दिसत नाही.

त्या शाळेत दुपारच्या सुट्टीत सगळे मास्तर ऑफिसात बसून डबा खायचे. मी पायरीवर खायचे. आत चला असं कुणी म्हटलं नाही, आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही हा माझा हट्ट. आतून हसण्याचे आवाज यायचे. कुणाचं तरी लोणचं फिरायचं, कुणाच्या तरी पोराच्या बारशाचं ठरायचं. फार एकटं वाटायचं. संध्याकाळी खोलीवर जेवढं वाटायचं त्याहून जास्त त्या पायरीवर वाटायचं, कारण माणसं चार हातांवर होती.

दुर्गा चौथीत गेली आणि शाळेची तपासणी लागली. मोठे साहेब आले. योगायोगानं तो माझ्या फिरतीचा दिवस होता. मी आपली व्हरांड्यात. साहेबांनी चौथीच्या वर्गात विचारलं, "आपल्या आवडीचा पाठ कोण वाचून दाखवतं?" आणि दुर्गानं हात वर केला. तिचे गुरुजी पांढरेफटक पडले असतील. खिडकीतून मी पाहिलं, ती पुस्तक घेऊन उभी राहिली आणि अख्खा पाठ तिनं घडाघडा वाचला. स्वल्पविरामाला थांबली, पान योग्य ठिकाणी उलटलं, म्हाताऱ्याच्या संवादाला म्हाताऱ्याचा आवाज काढला. साहेब खूश. शाळेचं भाग्य फळफळलं.

थोड्या वेळानं हेडसर स्वतः व्हरांड्यात आले. "अवो मॅडम, तुम्ही भाईर काऊन बसल्या? अंदर या ना!" जणू मी दीड वर्ष बाहेर बसले होते ते त्यांना आजच दिसलं. मला खुर्ची दिली. बशीसकट कपात चहा दिला, पोहे दिले. आणि साहेबांना म्हणाले, "ह्या आमच्या मॅडम."

आमच्या. अकरा शाळांत हा शब्द मला कुणी लावला नव्हता. वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि मी लहान पोरीसारखी पोहे हातात धरून बसले. घास उतरेना इतका आनंद झाला होता.

पुढच्या आठवड्यात मी दुर्गाला समोर बसवलं. खरं वाचन आणि पाठांतर यांतला फरक ओळखायच्या आमच्या दोन-तीन युक्त्या असतात. एक म्हणजे पान शेवटून वाचायला लावायचं. दुसरी, अर्थ नसलेले खोटे शब्द लिहून द्यायचे: गिमोटा, तेबरू, पुशाळ. खरा वाचणारा ते वाचतो, पाठ करणारा तोंडाकडे बघत बसतो. मी पुस्तक उघडून दिलं आणि मधेच दोन पानं एकदम उलटली. तिच्या लक्षात आलं नाही. समोर एक पान आणि तोंडात दुसरंच, असं तिचं चालू राहिलं. मी पुस्तक मिटलं. ती तरीही चार वाक्यं पुढं गेली आणि मग थांबली.

"दुर्गे, हे तुला कुणी वाचून दाखवलं?"

"मोठ्या बहिणीनं. रोज संध्याकाळी." तिचे डोळे भरले होते. "मॅडम, सांगू नका."

"काऊन गं?"

"सांगू नका ना, मॅडम. तुमच्या पाया पडतो."

मला वाटलं, पोर घाबरली. सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या, आता फजिती होईल म्हणून विनवते आहे. रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. त्यात दुर्गाच्या नावापुढं वाचनाचा रकाना होता आणि तो मलाच भरायचा होता. आतून हेडसरांनी हाक मारली, "मॅडम, या, डबे उघडले!" मी त्या रकान्यात लिहिलं, 'वाचते'. सही केली आणि आत जाऊन जेवले.

पोरीची लाज राखली असं मी स्वतःला किती तरी वर्षं सांगत आले. खरं हे आहे की मला ती खुर्ची सोडवेना. मनात म्हटलं, दर आठवड्याला येतेच आहे, गुपचूप शिकवू, वर्षाअखेर शेरा आपोआप खरा होईल. एवढी वर्षं यादीवर काम करणारी बाई, आणि यादी कशी चालते तेच विसरले! 'वाचते' लिहिलं की मूल यादीतून गळतं. पुढच्या महिन्यात नवी यादी आली. तिच्यात दुर्गा नव्हती. त्या शाळेत दुसरं नाव नव्हतंच, म्हणून शाळाही नव्हती. त्या दिवशीची माझी फिरती दुसऱ्या गावी लावलेली होती.

रविवारी जाता आलं असतं. बस होती. हेडसरांना खरं सांगता आलं असतं. पण 'आमच्या मॅडम' खोट्या निघाल्या असत्या. आणि त्या पोरीसमोर कोणतं तोंड घेऊन बसणार? मी गेले नाही. एकदाही नाही.

तीन-चार वर्षांनी बसमध्ये त्या शाळेतल्या खिचडीवाल्या मावशी भेटल्या. त्यांनी सहज सांगितलं. पाचवीला दुर्गा शेजारच्या गावच्या शाळेत गेली. तिथं नव्या मास्तरांनी नवं पुस्तक हातात देऊन उभं केलं. पाठ केलेला जुना धडा तिथं काय कामाचा? मास्तर म्हणाले, दाखल्यासोबत वाचते असं लिहून आलंय, म्हणजे ही मुद्दाम नाटक करते. हट्टी म्हणून तिला उभं ठेवायचे. सातवीत तिनं शाळा सोडली. "लय हुशार पोरगी होती वो, मॅडम," मावशी म्हणाल्या, "कोनाची नजर लागली काय मालूम." माझा थांबा येऊन गेला तरी उठले नाही.

ढ म्हटलेली पोर निदान यादीत राहते. कुणी तरी तिच्याकडे येत राहतं. मी तिला हुशार लिहिलं आणि एकटं सोडलं.

निवृत्त झाल्यावर मी जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात तिला पाहिलं. एकवीस-बावीसची असेल, अंगावर हिरवी साडी, पुढं वांग्यांचा ढीग, आणि तोंडाचा पट्टा तसाच. मी लगेच दुसऱ्या गल्लीत वळले. पुढचे कित्येक बाजार मी त्या बाजूला गेलेच नाही. खालच्या अंगाला एक म्हातारा बसायचा, त्याची किडकी वांगी घेऊन यायचे. आपण केलेलं माणसाला असं भाजीच्या गल्ल्या बदलायला लावतं.

शेवटी तिनंच पकडलं. मी मिरच्या निवडत होते आणि मागून आवाज आला, "तायडे मॅडम नोय काय तुम्ही?"

पळायला जागा नव्हती. तिनं मला हाताला धरून तिच्या पोत्यावर बसवलं. सासर जवळच होतं, मळा होता, नवरा बरा होता. सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. मग माझ्याच्यानं राहवेना. भर बाजारात, गिऱ्हाइकं वांगी चाचपत असताना, मी म्हटलं, "दुर्गे, मी तुझं वाटोळं केलं गं. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं. तरी मी 'वाचते' लिहिलं."

"मले मालूम हाये ना," ती म्हणाली आणि एका बाईला वांगी मापून दिली. "मीच त म्हटलं होतं, सांगू नका."

"तू लहान होतीस. घाबरली होतीस."

"मी कायले घाबरू?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, एवढी शिकलेली बाई आणि एवढं कळत नाही. "तुम्ही पायरीवर बसून डबा खात होत्या. सगळे मास्तर अंदर हासत अन् तुम्ही एकल्या भाईर. मले लय वंगाळ वाटे. म्हटलं, आपल्याले वाचता आलं त मॅडमले अंदर बलावतीन. पन वाचता त येत नव्हतं. मंग ताईच्या मागं लागून पाठ केलं. पंधरा दिवस लागले. तुम्ही सांगतलं असतं त तुमाले पुन्ना भाईर बसवलं असतं ना."

ती नऊ वर्षांची होती तेव्हा.

"फक्त एक चुकलं," ती वांगी सारखी करत म्हणाली. "तुम्ही मंग आल्याच नाही. मी लय दिवस वाट पाह्यली. मले काय मालूम, वाचता आलं की मॅडम येत नाही."

त्या बाजारात, इतक्या माणसांत, मी पदर तोंडाला लावून रडले. गिऱ्हाइकांना वाटलं असेल भावावरून भांडण झालं. दुर्गानं तांब्यातलं पाणी दिलं आणि म्हणाली, "चूप राहा आता. इकडची बाई आपल्याकडं पाहून राह्यली."

तेव्हापासून बाजार उठला की ती माझ्या खोलीवर येते. रव्याचं ताट, चिंचोके, सगळं पुन्हा काढलं. मोठ्या वयात हे काम दुप्पट अवघड असतं, कारण लाजही शिकलेली असते. पहिल्या दिवशी तिनं दार लावून घ्यायला लावलं. छापील पुस्तकाला मी हात लावू देत नाही, तिची पाठांतराची ताकद मला माहीत आहे. दर बाजाराला मीच हातानं नवा मजकूर लिहिते, जो जगात कुणी तिला वाचून दाखवलेला नाही. ती वांगी आणते, चहा करते, माझ्या ओट्यावरची भांडी घासून टाकते. मी रागावते, "आधी वाच, मग घास." सासूला काय सांगून येतेस विचारलं तर म्हणाली, "सांगतो, मॅडमची तब्येत बरी नाही." त्या दोन तासांत माझ्या खोलीत माणसाचा आवाज असतो. एरवी आठवडाभर कुकर आणि मी.

दीड वर्ष झालं ह्याला. परवाच्या बाजारी मी लिहिलं होतं ते एका गोदाबाईच्या शेळीबद्दल. शेळी शेजारणीच्या गच्चीवर जाते आणि वाळत घातलेले सगळे पापड खाते, आणि गोदाबाई म्हणते, माझ्या शेळीला तहान लागली, आता पाणी पण तूच दे. दुर्गानं कागद घेतला. बोट ओळीखाली ठेवलं. अडखळली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. 'गच्ची' वर जोर लावला. आणि ती गोदाबाईच्या वाक्यापर्यंत पोचली, आणि फसकन हसली. मी हसायच्या आधी. हसू का असं मला विचारायच्या आधी. त्या कागदावरचा विनोद त्या कागदावरून थेट तिच्यात गेला होता, मधे मी नव्हते, बहीण नव्हती.

एवढ्या नोकरीत मी ह्यासाठीच फिरले. मी 'वाचते' म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात तिचं हसू थांबलं. कागद तिनं हळूच खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं ते अगदी घाबरून.

"आलं काय, मॅडम, मले?"

"कुठं आलं गं?" मी म्हटलं. "जोडाक्षरं सगळी कच्ची आहेत. पुढच्या बाजारी ये."

"हाव," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.